भाच्याच्या नोकरीबद्दल, उशिराने

बेळगाव,
14 जुलै 2024

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन महिना झाला. भाच्यासाठी आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून नग काढणाऱ्या विभागात, शब्द टाकावा, एवढीच गोष्ट तू मागितली होतीस आणि जागाही रिकामी आहे. तरीही मी शब्द टाकलेला नाही. ती जागा कशी रिकामी झाली हे तुला सांगितल्याशिवाय माझ्याच्याने ते होईना.

गेल्या मार्गशीर्षात रात्रपाळीला 50 टनी प्रेसवर खानापूर तालुक्यातल्या एका पोराच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट मुळापासून गेले. वय 23, लग्नाची बोलणी चालू होती. प्रेसची दोन बटणे मुद्दाम अंतरावर बसवलेली असतात आणि दोन्ही दाबल्याखेरीज रॅम, म्हणजे वरचा दाबणारा ठोकळा, उतरत नाही, म्हणजे रॅम खाली येताना दोन्ही हात डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाहेर असणारच, ही त्यामागची युक्ती तुला माहीतच आहे. आमच्या प्रेसचे उजवे बटण मात्र पुठ्ठ्याची घडी खोचून, वरून टेप मारून कायमचे दाबून ठेवलेले होते. नव्या कंट्रोलला अशी लबाडी चालत नाही, कारण दर फेरीला दोन्ही बटणे सोडून पुन्हा दाबावी लागतात. आमचे मशीन जुने. डावा हात बटणावर आणि उजवा पत्रा सरकवायला मोकळा, त्यामुळे पाळीला 1,800 नग निघत तिथे 2,400 निघू लागले. त्या रात्री एक नग डायमध्ये अडकला, चिमटा हाताशी नव्हता, म्हणून त्याने तो बोटांनी काढायला घेतला आणि रोजच्या लयीत डावा हात बटणावर पडला.

तुटलेली बोटे कोणीतरी भल्या बुद्धीने थेट बर्फात टाकून नेली. ती स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, मग ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची असते. बर्फ थेट लागला की मांस गोठून निकामी होते. हे आम्हांला डॉक्टरांनी नंतर सांगितले. तीस वर्षे मशीनवर काढलेल्या माणसांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हते, याची मला आजही लाज वाटते.

पण खरी लाज पुढची आहे. ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या कचेरीला, पाठवायच्या अपघाताच्या अहवालात तो कसा घडला हे मीच लिहिले, कारण पाळीचा सुपरवायझर मी होतो. मी लिहिले, ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’. पुठ्ठ्याचा उल्लेख केला नाही. तो पुठ्ठा मी रोज पाहत होतो, आणि नग वाढले म्हणून मालकांनी माझी पाठ थोपटली तेव्हा मी हसलोही होतो. जोडीला त्या पोराचा जबाब घेतला गेला, तो कन्नडमध्ये. तो बाजारात, बसमध्ये कन्नड सफाईने बोलतो, पण शाळा मराठी. त्याने न वाचताच डाव्या हाताने मराठीत वाकडीतिकडी सही केली. आपल्या भागातल्या भाषेच्या भांडणात मला इथे पडायचे नाही. एवढेच म्हणतो की तो कागद त्याला वाचून दाखवणारा माणूस तिथे होता, तो मी होतो, आणि मी गप्प बसलो.

गेल्या आठवड्यात त्याच्या गावी गेलो. पाऊस धो धो, शेतात भाताची रोप लावण चाललेली. तो बांधावर उभा राहून रोपांच्या पेंढ्या फेकत होता. रोप चिखलात खोचायचे ते अंगठा आणि त्याच दोन बोटांनी, हे तुला मी काय सांगावे. भरपाईसाठी अपंगत्व ठरवणाऱ्या ईएसआयच्या मेडिकल बोर्डासमोर गेलास का, असे विचारले तर म्हणाला, “दादा, चूक माझीच होती की. कुठल्या तोंडानं मागू?” मी लिहिलेले वाक्य त्याला पाठ झाले होते.

कायदा असे काही विचारत नाही. कामावर असताना, कामामुळे इजा झाली एवढेच पुरते. मालकाच्या कामासाठी एखादा नियम मोडला गेला तरी हक्क जात नाही. एका हाताची दोन बोटे गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेचे नुकसान 20 टक्के धरले आहे. रोजची सरासरी मजुरी 500 रुपये धरली तर ईएसआयच्या हिशेबाने तिचे 90 टक्के म्हणजे 450, आणि त्याचे 20 टक्के म्हणजे दिवसाला 90 रुपये, तेही तहहयात. महिन्याला 2,700. रक्कम मोठी नाही, आणि उजव्या हाताच्या नेमक्या त्या दोन बोटांना 20 टक्केच का, हे मला कळत नाही. पण सात महिने त्याने तेवढेही मागितले नाहीत.

तुझ्या पायावरचा भाजल्याचा डाग मला बसमध्ये आठवत होता. फौंड्रीत ओल्या लॅडलमध्ये, त्या मोठ्या पळीत, वितळलेल्या धातूचा रस ओतला, पाण्याची क्षणात वाफ झाली, ती सतराशे पट फुगते आणि रस उडाला. लॅडल तापवून वाळवायला दिलेला वेळ कुणी कापला होता हे आपण दोघेही जाणत होतो. तरी आपण नशीब म्हणून गप्प बसलो, आणि आठवड्याने दुसरा एक भाजला. आता नशीब म्हणत नाहीत, निष्काळजीपणा म्हणतात. तो पुठ्ठा फेब्रुवारीपर्यंत तिथेच होता. शेवटी मीच उपटून काढला, त्यावरून मालकांशी बोलाचाली झाली, आणि चार दिवसांनी तिथे नवा पुठ्ठा दिसला.

परवा मी दुसरा जबाब लिहून दिला आहे, बटणाच्या हकिकतीसह, माझ्या सहीने. एक प्रत कारखाने निरीक्षकांकडे टपालाने गेली. माझ्या नोकरीचे काय होईल ते होवो. वहिनींना मात्र इतक्यात सांगू नकोस, त्या फोन करून हिला घाबरवतील.

भाच्याला इकडे पाठवू नकोस. दुसरीकडे कुठे लागला तर पहिल्या दिवशी बटणांकडे आणि चिमट्याकडे बघायला सांग, आणि ईएसआयचा नंबर हातात आल्याशिवाय मशीन सुरू करू नकोस म्हणावे. गुरुवारी त्या पोराला घेऊन मेडिकल बोर्डाच्या अर्जासाठी जायचे आहे. पहिल्या बसने यायला सांगितले आहे, लावण थांबवून.

तुझा,
शाळासोबती