‘स्टुका’च्या लेखात तोब्रुकचे मराठे हवे होते

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत ‘युंकर्स 87’, म्हणजेच ‘स्टुका’ या दुसऱ्या महायुद्धातील, सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या जर्मन विमानावर आलेला पानभर लेख मी दोन वेळा वाचला. चित्रे उत्तम होती आणि भाषा शाळकरी मुलांनाही समजेल अशी होती, याबद्दल आपले आभार. मात्र लेख वाचून खाली ठेवल्यावर मनात उरते ते एवढेच की, हे विमान जवळजवळ अजिंक्य होते आणि त्याच्या किंकाळीपुढे कोणतीही फौज टिकत नव्हती. सांताक्रूझच्या विमानतळावर 34 वर्षे विमानांच्या देखभालीचे काम केलेला माणूस म्हणून, आणि लालबागच्या ज्या चाळीत मी लहानाचा मोठा झालो तेथील एका शेजाऱ्यांमुळेही, हे चित्र दुरुस्त व्हावे असे मला मनापासून वाटते.

विमानाचे श्रेय विमानाला दिलेच पाहिजे. हेर्मान पोलमान यांनी आखलेल्या या विमानाने 17 सप्टेंबर 1935 रोजी पहिले उड्डाण केले, तेव्हा त्यात ब्रिटिश रोल्स-रॉइसचे ‘केस्ट्रेल’ इंजिन होते. जानेवारी 1936 मध्ये सूर मारण्याच्या चाचणीत त्याची जोडशेपटी दगा देऊन गेली आणि आतले दोघेही मृत्युमुखी पडले. त्यानंतर एकेरी शेपटी आणि जर्मन युंकर्स इंजिन आले. पंख मुळाशी खाली झुकवून पुढे वर वळवलेले असल्यामुळे चाकांचे पाय आखूड आणि दणकट ठेवता आले. ही चाके पोटात घेण्याची सोयच नव्हती. लेखकाने याला मागासलेपणा म्हटले आहे, ते मला पटत नाही. आघाडीलगतच्या माळरानावर, धुळीत आणि चिखलात दिवसातून चार-चार वेळा उतरणाऱ्या विमानात बिघडू शकेल अशी एक यंत्रणा कमी असणे म्हणजे काय, हे ज्याने रात्रपाळीत विमानाखाली उताणे पडून काम केले आहे त्याला विचारावे.

सूर मारण्याची पद्धत लेखात एका ओळीत आटोपली आहे. वास्तविक या विमानाचे सारे मर्म तेथेच आहे. माझ्या नातवाने गेल्या वर्षी याचे प्लास्टिकचे छोटे प्रतिरूप जुळवले, तेव्हा कॉकपिटच्या बाजूच्या काचेवर चिकटवायच्या केसासारख्या लाल रेघा मी भिंग धरून त्याला लावून दिल्या. खऱ्या विमानात वैमानिक या रेघा क्षितिजाशी जुळवून पाहत असे आणि आपण किती अंशांनी खाली चाललो आहोत हे त्यावरून ओळखत असे. पायाशी, कॉकपिटच्या तळाला, एक काचेची खिडकी होती. तिच्यात लक्ष्य आले की पंखांखालच्या ब्रेकच्या पट्ट्या उघडायच्या आणि साधारण साडेचार हजार मीटरवरून 60 ते 90 अंशांत नाक खाली टाकायचे. त्या पट्ट्यांमुळे विमानाचा वेग ताशी 600 किलोमीटरच्या आसपास आवरला जाई आणि नेम धरायला काही सेकंद मिळत. ठरलेल्या उंचीवर इशारा मिळाला की वैमानिक दांड्यावरची कळ दाबे. पोटाखालचा मोठा बॉम्ब एका झुलत्या चौकटीने प्रोपेलरच्या फेऱ्याबाहेर ढकलला जाऊन सुटे आणि विमान आपोआप नाक वर घेऊ लागे. त्या क्षणी माणसाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या पाच-सहा पट भार येतो. रक्त पायांकडे उतरते आणि डोळ्यांपुढे करडा पडदा येतो, म्हणूनच वर येण्याचे काम यंत्राकडे सोपवले होते.

परंतु विहिरीत सूर मारणाऱ्या पोराला जसा तळाचा अंदाज असावा लागतो, तसा तो या यंत्रालाही आधी कोणी तरी द्यावा लागत असे. 15 ऑगस्ट 1939 रोजी, युद्धाला पंधरवडा उरला असताना, नॉयहामर येथील सरावात स्टुकांच्या एका तुकडीने ढगांतून सूर मारला. ढगांखाली मोकळी हवा आहे असे त्यांना सांगितलेले होते. प्रत्यक्षात धुके जमिनीपर्यंत उतरले होते. 13 विमाने जमिनीत घुसली आणि 26 माणसे गेली. या घटनेचा लेखात उल्लेखही नाही.

चाकांच्या पायांवर बसवलेल्या ‘जेरिको कर्ण्या’वर मात्र लेखात दोन परिच्छेद आहेत. आम्हा गिरणगावातल्या लोकांच्या भाषेत तो भोंगाच. वाऱ्याने फिरणाऱ्या छोट्या पंख्यावर चालणारा. त्याने विमानाचा वेग कमी होत असे आणि खालच्या तोफचींना आगाऊ सूचनाही मिळत असे, त्यामुळे पुढे अनेक तुकड्यांनी तो काढून टाकला. याच आवाजाच्या वर्णनात 1 सप्टेंबर 1939 च्या पहाटेचे पोलंडमधील व्हिएलुन हे गाव मात्र हरवले. तेथील रुग्णालयावर स्टुकांचे बॉम्ब पडले. मुलांच्या हाती जाणाऱ्या पुरवणीत भोंग्याला दोन परिच्छेद आणि त्या रुग्णालयाला एक ओळही नाही, याचे मला दुःख झाले.

आता अजिंक्यतेविषयी. सरळ उड्डाणात स्टुकाचा वेग ताशी 400 किलोमीटरही भरत नव्हता आणि मागच्या माणसाच्या हाती हलकी मशीनगन होती. सूर संपवून विमान वर येऊ लागे तेव्हा ते मंद, जमिनीलगत आणि बहुधा एकटे असे. 18 ऑगस्ट 1940 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील विमानतळांवर आणि पोलिंगच्या रडार केंद्रावर गेलेल्या स्टुकांपैकी सुमारे 16 एकाच दिवसात नष्ट झाली. यानंतर ‘ब्रिटनच्या लढाई’तून हे विमान जवळजवळ मागेच घेण्यात आले. जानेवारी 1941 मध्ये ‘इलस्ट्रियस’ या ब्रिटिश विमानवाहू जहाजाला त्याने जबर जखमी केले. त्याच वर्षी 23 मे रोजी भूमध्य समुद्रातील क्रीट बेटाजवळ ‘केली’ ही ब्रिटिश विनाशिका बुडवली, जिचे कप्तान पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झालेले माउंटबॅटन होते. या यशांचे स्पष्टीकरण आकाशात आहे: जेथे शत्रूची लढाऊ विमाने पुरेशी नव्हती तेथे स्टुका जिंकले आणि जेथे होती तेथे मारले गेले. आपल्या हवाई दलाच्या 7 आणि 8 क्रमांकांच्या स्क्वाड्रननी 1944 मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ‘व्हेन्जन्स’ ही याच जातीची, तशीच संथ विमाने यशस्वीपणे वापरली. त्यामागेही हेच कारण आहे, कारण तोवर तेथील आकाश जपान्यांचे राहिले नव्हते.

याच कारणासाठी लिबियातील तोब्रुक या बंदराविषयीचा परिच्छेद मला सर्वांत खटकला. ‘स्टुकांनी ब्रिटिशांची तटबंदी फोडली’ असे तेथे छापले आहे. 20 जून 1942 च्या पहाटे जर्मन सेनापती रोमेलने तोब्रुकच्या आग्नेय बाजूवर जो घाला घातला, तो ज्या मोर्च्यांवर पडला ते मोर्चे 11 व्या हिंदी ब्रिगेडमधील पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीचे होते. रणगाड्यांना अडवणारा खंदक जागोजागी वाळूने भरत आला होता आणि सुरुंगही पुष्कळ ठिकाणी आधीच उपसून दुसरीकडे नेलेले होते. जवळचा गांबुतचा विमानतळ सोडावा लागल्यामुळे ब्रिटिश लढाऊ विमाने इतकी मागे गेली होती की त्यांतली बहुतेक तोब्रुकवर पोहोचूच शकत नव्हती. जर्मन विमाने मात्र जवळच्या धावपट्ट्यांवरून उठत, बॉम्ब टाकत, परत जाऊन पुन्हा भरून येत. दुसऱ्या दिवशी सकाळी तोब्रुकच्या फौजेचे प्रमुख जनरल क्लॉपर यांनी शरणागती दिली आणि सुमारे 33,000 सैनिक कैद झाले.

त्या कैद्यांपैकी एक आमच्या चाळीत तळमजल्यावर राहत. साताऱ्याकडचे होते, गिरणीच्या दरवाजावर पहारा करत आणि आम्ही मुले त्यांना हवालदारकाका म्हणत असू. युद्धाविषयी ते फारसे बोलत नसत. एकदा गच्चीवर पापड वाळत घातले असताना एक घार वर एकाच जागी तरंगत राहिली, तेव्हा ते बोलता बोलता थांबले आणि ती बाजूला सरेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, “बाळा, इमान सरकताना दिसलं तर ते दुसऱ्याचं. जागच्या जागी मोठं होत गेलं, की ते आपलं.” पुढे नोकरीत असताना मला यातले गणित कळले: जे विमान नेमके आपल्याच रोखाने येते ते पाहणाऱ्याला बाजूला हललेले दिसत नाही, त्याचा ठिपका नुसता वाढत जातो. हे ज्ञान त्यांनी उघड्या वाळवंटात, डोक्यावर स्वतःचे एकही विमान नसताना मिळवले होते.

म्हणून विनंती अशी की, येत्या रविवारच्या पुरवणीत त्या परिच्छेदाची दुरुस्ती छापावी आणि तीत त्या पलटणीचे पूर्ण नाव द्यावे. त्यांच्या वरच्या आकाशात त्या दिवशी मित्रराष्ट्रांच्या लढाऊ विमानांचे संरक्षण जवळजवळ नव्हतेच, हेही त्याच दुरुस्तीत स्पष्टपणे नोंदवावे.

आपला,
एक निवृत्त विमान-तंत्रज्ञ, लालबाग, मुंबई