फ्लोमीटर आणि आरटीयू यांचे बोलणे जुळवून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या पाणीपुरवठा योजनेच्या पंपहाऊसवर पदरमोड करून आपण दोन दिवस जे काम करून दिलेत, त्याचे आभार केवळ फोनवर मानणे मला पुरेसे वाटले नाही, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर ज्या लातूरने दिवस काढले, तेथील माणसाला पंपातून किती पाणी निघाले आणि जलकुंभात किती पोहोचले या हिशेबाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. आमचा तो हिशेबच बंद पडला होता. पाण्याचा प्रवाह मोजणाऱ्या दोन्ही फ्लोमीटरच्या डिस्प्लेवर आकडे व्यवस्थित दिसत, पण आरटीयूमार्फत, म्हणजे मीटरचे आकडे गोळा करून पुढे पाठवणाऱ्या उपकरणामार्फत, संगणकावर कधी शून्य येई, तर कधी कम्युनिकेशन फेल. आणि ठेकेदाराचा माणूस ‘आरटीयूच बदला’ असे सांगून मोकळा झाला होता.

आपण लॅपटॉप उघडण्याआधी मीटर आणि आरटीयू यांना जोडणाऱ्या आरएस-४८५ च्या लाइनवर एकच मीटर ठेवलेत, आणि तो लगेच उत्तर देऊ लागला. दोन्ही मीटरचा मॉडबस पत्ता, म्हणजे आरटीयू ज्या क्रमांकाने मीटरला हाक मारतो तो, कारखान्यातून आला तसा १ च राहिला होता, त्यामुळे आरटीयूने विचारले की दोघेही एकदम बोलत आणि कोणाचेच उत्तर धड पोहोचत नसे. दुसऱ्याला २ हा पत्ता देताच ती तक्रार मिटली.

शून्याचे कोडे मात्र अवघड होते. मीटर सिम्युलेशनवर, म्हणजे आपण ठरवलेला आकडाच तो पाठवेल अशा चाचणीवर, टाकून आपण त्यात १२३.५ हा आकडा बसवलात आणि आरटीयूमधली कच्ची रजिस्टरे (आकडे साठवण्याचे कप्पे) मला वाचायला लावलीत: पहिल्यात १७१४३, दुसऱ्यात ०. एक दशांश संख्या दोन रजिस्टरांत विभागून येते, मीटर तिचा वरचा भाग आधी पाठवतो आणि आरटीयू तोच भाग खालचा समजतो, त्यामुळे उलट्या जोडणीतून इतकी सूक्ष्म संख्या तयार होते की पडद्यावर ०.०० च दिसते, हे आपण वहीच्या पानावर मांडून दाखवलेत. वर्ड ऑर्डर, म्हणजे या दोन भागांचा क्रम, बदलली आणि पडद्यावर १२३.५० उमटले. तो क्षण मी विसरणार नाही.

त्याहूनही मोठे उपकार जलकुंभाच्या पातळीबाबतचे आहेत, कारण तिथे काही बिघडले आहे अशी आम्हाला शंकाही नव्हती. टाकी ५ मीटरची, पाणी अडीच मीटर, पातळीमापकाच्या लूपमध्ये लावलेल्या मल्टिमीटरवर बरोबर १२ मिलिअँपिअर, आणि पडद्यावर ३ मीटर! मापक कोरड्या टाकीला ४ आणि भरलेल्या टाकीला २० मिलिअँपिअर देतो, पण आरटीयूमध्ये इनपुटचे स्केलिंग ४ ते २० ऐवजी ० ते २० असे भरलेले होते. म्हणजे टाकी कोरडी पडली असती, तरी ऑपरेटरला १ मीटर पाणी दिसत राहिले असते, आणि गावाच्या नळांना पाणी का येत नाही हे त्याला उमगले नसते.

मल्टिमीटर आपण स्वतः न धरता प्रत्येक वेळी माझ्या हातात दिलात, याबद्दल मी सर्वाधिक ऋणी आहे. परवा जलकुंभाच्या इनलेटवर तिसरा मीटर आला. त्याला ३ हा पत्ता दिला, सिम्युलेशनवर रजिस्टरे तपासली आणि मगच तो लाइनवर जोडला. पहिल्याच वेळी आकडा बरोबर आला. आपले ते वहीचे पान प्लॅस्टिकमध्ये घालून मी पॅनेलच्या दाराला आतून चिकटवले आहे.

आपला कृतज्ञ,
पाणीपुरवठा योजनेवरील एक कर्मचारी, लातूर जिल्हा