तलावाला अनुदान, प्रशिक्षकाला हंगामी करार: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

सन्माननीय मंत्रिमहोदय,

महाविद्यालयांत नवे जलतरण तलाव बांधण्यासाठी आपण अनुदान जाहीर केले, त्याचे मनापासून स्वागत. तलाव हवेतच. पण अनुदानाचा अर्ज वाचला आणि हे पत्र लिहिणे भाग पडले. त्यात तलावाची लांबी-खोली विचारली आहे, लेनची संख्या विचारली आहे, पाणी गाळणाऱ्या यंत्रणेची क्षमतासुद्धा विचारली आहे. काठावर उभे राहून शिकवणार कोण, हे मात्र कुठेच विचारलेले नाही.

मी महाविद्यालयाच्या संघातून पोहत असे, आता त्याच वयाच्या मुलामुलींना शिकवते. आमच्यातल्या बहुतेकांची वाट अशीच असते. विशीच्या आसपास खांदा कुरकुरू लागतो किंवा वेळ सुधारायची थांबते, शिक्षण संपते आणि कुणीतरी म्हणते, "चांगली पोहायचीस, आता शिकव की!" गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच येते. नेमणूक मात्र एका हंगामाची. पुढच्या हंगामाला पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, आणि मुलाखतीतला पहिला प्रश्न ठरलेला: तुमची स्वतःची पदके किती?

पदके विचारू नका असे नाही, पण त्यांवरून प्रशिक्षक कळत नाही. पोहणाऱ्याला स्वतःच्या शरीरापुरते पाणी कळलेले असते. काठावरून एकाच वेळी सगळ्या लेन वाचाव्या लागतात. एकीचे घोटे ताठ, एकजण श्वास घेताना मान उचलतो म्हणून त्याची कंबर बुडते, तिसरीचे कोपर पाण्यात घसरते. शिवाय आपण शिकलो ते जुने होत जाते. 1991 पूर्वी बॅकस्ट्रोकमध्ये, म्हणजे पाठीवर पोहताना, वळण्याआधी हाताने भिंतीला स्पर्श करावा लागे. तो नियम गेला आणि वळण मुळापासून बदलले. छातीवर पोहण्याच्या ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सूर मारल्यावर आणि वळणानंतर पाण्याखाली एक डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेला फटका) मारण्याची मुभा 2005 मध्ये आली. 2009 च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेत 43 विश्वविक्रम झाले, त्यात पॉलियुरेथेनच्या पोशाखांचा मोठा हात होता. 2010 पासून ते पोशाख बंद झाले आणि पोशाखाने मिळणारी पाण्यातली उचल पुन्हा पोटाच्या स्नायूंकडून काढून घ्यावी लागली.

अमेरिकी प्रशिक्षक जेम्स कौन्सिलमन यांचे उदाहरण आपल्या अधिकाऱ्यांनी जरूर पाहावे. स्वतः विद्यापीठाचे जलतरणपटू, नंतर डॉक्टरेट, आणि 1957 पासून तीन दशकांहून अधिक काळ इंडियाना विद्यापीठात प्रशिक्षक. पाण्याखाली कॅमेरा लावून त्यांनी हाताच्या ओढीचा अभ्यास केला. 1972 मध्ये म्युनिक ऑलिम्पिकमध्ये सात सुवर्णपदके जिंकणारा मार्क स्पिट्झ त्यांच्याच तालमीतला. पाण्यात हात वळवत नेला की विमानाच्या पंखासारखा उठाव मिळतो, हा त्यांचा सिद्धान्त पुढे बराचसा मागे पडला. तरीही मला ते मोठे वाटतात, कारण काठावर उभ्या माणसाला प्रयोग करायला, क्वचित चुकायलाही निवांतपणा हवा, आणि तो त्यांना मिळाला. (या गृहस्थांनी 1979 मध्ये वयाच्या 58व्या वर्षी इंग्लिश खाडीही पोहून दाखवली. एवढी अपेक्षा माझ्याकडून नसावी.)

दुसरे अमेरिकी प्रशिक्षक एडी रीस फ्लोरिडा विद्यापीठातून पोहले, तिथेच सहायक म्हणून शिकवू लागले, मग ऑबर्नला मुख्य प्रशिक्षक झाले आणि 1978 ते 2024 टेक्सास विद्यापीठात राहिले. पुरुष संघाची 15 राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. ही संख्या सगळ्यांना पाठ असते. आधीची सहायकाची वर्षे कुणी मोजत नाही, आणि खरे शिक्षण तिथेच होते. आमच्याकडे सहायकाचे पदच नसते. पाण्यातून बाहेर आलेला तरुण थेट मुख्य प्रशिक्षक होतो आणि आपल्यावर ओरडून शिकवले तसेच ओरडून शिकवतो, कारण त्याने दुसरे काही पाहिलेलेच नसते.

आता हंगामी कराराबद्दल. पोहण्याचे तंत्र बदलायला घेतले की वेळ आधी बिघडते. वर्षानुवर्षे मुरलेला हात सुधारायचा तर मुलगी काही महिने पूर्वीपेक्षा हळू पोहते, वैतागते, कधी रडते. तिला सांगावे लागते की दुसऱ्या वर्षी याचे फळ दिसेल. पण दुसऱ्या वर्षी मी असेन की नाही हेच ठरलेले नसेल, तर तिला कुठल्या तोंडाने सांगू? मग प्रशिक्षक सोपा मार्ग धरतो. तंत्राला हात लावत नाही, फक्त अंतर वाढवतो. सरावाचा भार चढतो, स्पर्धेआधी तो कमी करून टेपर दिला की वेळ थोडी सुधारते, एखादे पदक येते, करार वाढतो. मुलीचा खांदा मात्र तिसऱ्या वर्षापर्यंत टिकत नाही. हे मी दुसऱ्यांविषयी ऐकीव सांगत नाही. एका संस्थेत मला तोंडावर सांगितले होते की तंत्रबिंत्र राहू दे, पुढच्या स्पर्धेचे बोला.

बॉब बोमन ऑलिम्पिक विजेत्या मायकेल फेल्प्सचे प्रशिक्षक म्हणून जगभर ओळखले जात होते. 2015 मध्ये ते अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात आले, तरी त्यांच्या पुरुष संघाला पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळायला 2024 उजाडले. फेल्प्सच्या गुरूला नऊ वर्षे लागतात आणि आम्हाला एका हंगामात निकाल मागितला जातो.

कायम नोकरी मिळाली की माणूस सुस्तावतो, हा आक्षेप मला माहीत आहे आणि तो पूर्ण खोटाही नाही. काठावरची सत्ता वाईट हातात गेली की मुलांचे काय होते, हेही आम्ही जाणतो. म्हणून मी तहहयात खुर्ची मागत नाही. विद्यार्थी महाविद्यालयात असतो तेवढ्या पूर्ण काळाचा करार द्या. शेवटी पदकांबरोबर हेही तपासा: किती मुले शेवटपर्यंत टिकली, किती जणांची स्वतःची वेळ सुधारली, किती जण जायबंदी झाले, आणि मुलांना तक्रार करायला प्रशिक्षकाच्या हाताबाहेरची जागा होती का. स्त्री प्रशिक्षक का टिकत नाहीत तेही विचारा. पहाटे आणि संध्याकाळी असे तुटक तास, त्यात पुढच्या वर्षाची शाश्वती नाही; घरात लहान मूल असलेल्या बाईला हे जमवणे किती कठीण, हे सांगायला समिती नको.

आणखी एक. याच तलावात सराव संपल्यावर न पोहता येणारे विद्यार्थी उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मेली. त्या विद्यार्थ्यांना तरंगायला शिकवणारी, क्लोरीन तपासणारी, जीवरक्षक आला नाही तर त्याच्या जागी बसणारीही बहुतेकदा हीच हंगामी व्यक्ती असते.

म्हणून विनंती एवढीच: अनुदानाच्या अर्जात एक रकाना वाढवा. मुख्य प्रशिक्षक आणि एक पगारी सहायक, त्यांचे प्रशिक्षण आणि कराराची मुदत. तो रकाना रिकामा असेल तर बांधकामाचा दुसरा हप्ता थांबवा. संस्था कुरकुर करतील. पण गाळणी यंत्रणेशिवाय तलाव मंजूर होत नाही, हे त्यांनी मुकाट मान्य केलेलेच आहे.

आपली नम्र,
एक महाविद्यालयीन जलतरण प्रशिक्षक