बाईंना त्यागमूर्ती म्हणू नका

महोदय,

आमच्या मालवण तालुक्यातल्या शाळेच्या निवृत्त बाई नव्वदी ओलांडून नुकत्याच वारल्या. नोकरीला लागल्या तेव्हा जिल्हा परिषदा नव्हत्याच, त्या आल्या १९६२ मध्ये. निवृत्त झाल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातून, जो १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता.

यजमान मुंबईत गिरणीत. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले आणि अख्खं खटलं बाईंच्या पगारावर आलं. दिरांची मुलंही त्यांच्याकडेच शिकली. पहाटे चुलीवर पेज चढवून त्या आमच्या वह्या तपासायच्या. कित्येकदा लाल शाईच्या शेऱ्याशेजारी कुळथाच्या पिठीचा डाग असे. सासूबाईंना सही त्यांनीच शिकवली, तीही पाटीवर, चुकलं तर पुसून पुन्हा!

शोकसभेत सगळे त्यांना ‘त्यागमूर्ती’ म्हणत होते. मला ते खटकलं. घरात पैशाचा हिशेब आणि शेवटचा शब्द बाईंचाच असे. दिरांनाही त्या खडसावत.

त्यांना पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याकरिता रिक्षात घालून बँकेत न्यावं लागे. गावातल्या इतर वृद्ध शिक्षकांच्या घरी तरी यंदा बँकेचा माणूस जावा.

– एक माजी विद्यार्थी, मालवण