स्पार्क प्लग बदलण्याच्या कामातील हलगर्जीपणाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : १,४२,००० किलोमीटर चाललेल्या पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग नीट न बसवता कॉइल बदलण्याचा खर्च सांगितल्याबद्दल

महोदय,

तुमच्या पुण्यातील अधिकृत सर्व्हिस सेंटरने माझ्या गाडीचे चारही स्पार्क प्लग (ठिणगी पाडून इंधन पेटवणारे भाग) बदलले. बिलात चार इरिडियम प्लग आणि मजुरी लावली आहे. जॉबकार्डवर ‘गॅप तपासला, टॉर्क दिला’ यापुढे बरोबरची खूण आहे (गॅप म्हणजे ठिणगी पडते ती फट, टॉर्क म्हणजे आवळण्याचा ठरावीक जोर). त्यानंतर गाडी चढावर, खास करून कात्रज घाटात वरच्या गिअरमध्ये, मिसिंग करू लागली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. तुमच्याच स्कॅनरवर पी०३०३ कोड आला, म्हणजे मिसफायर (इंधन नीट न पेटणे) तिसऱ्या सिलिंडरमध्ये. यावर सर्व्हिस ॲडव्हायझरने काहीही न उघडता कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग) गेल्याचे सांगितले आणि चारही कॉइल बदलण्याचे एस्टिमेट हातात ठेवले.

कॉइल खरेच गेली आहे का, हे पाहायला एक रुपयाही लागत नाही. माझ्या आग्रहामुळे तुमच्या मेकॅनिकने माझ्यासमोर तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावली, कोड पुसला आणि गाडी चढावर नेऊन आणली. कोड पुन्हा पी०३०३ च आला. कॉइल खराब असती, तर मिसफायर तिच्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला असता. मग तिसरा प्लग काढून पहिल्या सिलिंडरमध्ये लावला, तेव्हा कोड पी०३०१ झाला. दोष त्या प्लगमध्ये आहे, हे तुमच्याच मशीनने दाखवले. तरीही एस्टिमेट अजून रद्द झालेले नाही.

तो प्लग हातात घेऊन पाहिला. पाना बसतो त्या षटकोनाच्या लगेच वर पांढऱ्या इन्सुलेटरला केसाएवढा तडा गेला आहे आणि तिथून टोकापर्यंत पेन्सिलने ओढावी तशी बारीक काळी उभी रेघ आहे. (षटकोनाजवळ पिवळसर तपकिरी वलय असते ते वेगळे, त्याने काही बिघडत नाही. त्याची आणि या रेघेची गल्लत करू नये.) प्लगपाना तिरपा लागला की असा तडा जातो. ठिणगी मग गॅपमध्ये न पडता तड्यातून बाहेरच्या धातूवर उडी मारते. गाडी उभी असताना हे जाणवत नाही, कारण सिलिंडरमधला दाब कमी असतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की दाब वाढतो, गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागते आणि ठिणगी सोपी वाट धरते. तिसऱ्या सिलिंडरच्या मूळ कॉइलच्या, प्लगवर बसणाऱ्या रबरी बूटमध्येही आता तशीच काळी रेघ उमटली आहे. तोच बूट ठेवून नवा प्लग लावला, तर काही दिवसांत तोही तसाच होईल.

पहिल्या सिलिंडरमधून काढलेल्या प्लगचा वॉशर चपटा झालेलाच नव्हता, नव्यासारखा फुगीर होता. १४ मिलिमीटर आट्यांच्या, वॉशर असलेल्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर टॉर्क लागतो. टॉर्क रेंच हाताशी नसेल, तर प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवायचा आणि मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यायचा. एवढे केले असते, तर तो वॉशर दबलाच असता. सैल प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, टोक तापते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू लागते. जॉबकार्डवरची टॉर्कची खूण खोटी आहे, असे मी स्पष्टपणे म्हणतो.

शिवाय गाडी आत घेतल्याची आणि काम पूर्ण झाल्याची वेळ पाहा. मधे पाऊण तासही नाही. इंजिन गार न होता प्लग काढले आहेत. गरम ॲल्युमिनियममधून प्लग काढताना आटे खरवडून निघू शकतात. इतक्या चाललेल्या गाडीत तर ही घाई मुळीच चालत नाही.

तिसऱ्या प्लगच्या खड्ड्यात तेल साचले होते. व्हॉल्व्ह कव्हरमधले प्लग ट्यूबचे सील वयाने कडक झाले की असे होते. त्यात तुमचा दोष नाही. पण तेल न पुसता, मला न सांगता, नवा प्लग त्याच तेलात बसवला. तेलाने बूटचे रबर फुगते आणि खड्ड्यातली घाण, तेल सिलिंडरमध्ये उतरते. प्लग सैल करण्याआधी खड्डा हवेने साफ करायला दोन मिनिटे पुरतात.

जुने प्लग परत द्यावेत, असे जॉबकार्डवर लिहूनही ते मिळाले नाहीत. जुन्या इंजिनाची तब्येत प्लगवरच वाचता येते. तेल बाहेरच्या इन्सुलेटरवर असेल, तर सील गेले. तेच आतल्या इलेक्ट्रोडवर (ठिणगी पडते त्या टोकावर) असेल, तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचा प्रश्न, म्हणजे खर्च कितीतरी पटीने वेगळा. हा पुरावा तुम्ही टाकून दिला.

सर्वात गंभीर म्हणजे, दिवा लुकलुकत असताना ‘चालवा, काही होत नाही’ असे सांगितले गेले. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन पेटते आणि आतली जाळी वितळू शकते. लुकलुकणारा दिवा याच धोक्याची सूचना असतो.

माझी मागणी अशी : मॅन्युअलमधील क्रमांकाचे चार नवे प्लग आणि तिसऱ्या कॉइलचा बूट विनामूल्य, इंजिन गार असताना, टॉर्क रेंचने, माझ्यासमोर बसवावेत. प्रत्यक्ष दिलेला टॉर्क जॉबकार्डवर आकड्यात लिहावा. चारही सिलिंडरचे आटे आणि कन्व्हर्टर तपासून लेखी अहवाल द्यावा. कॉइलचे एस्टिमेट लेखी रद्द करावे. ट्यूब सीलचे पैसे मी देईन, तो खर्च माझाच आहे.

बिल, जॉबकार्ड, स्कॅनरचे दोन्ही रिपोर्ट आणि प्लगचे फोटो सोबत जोडले आहेत. तडा गेलेला प्लग माझ्याकडे आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपला,
गाडीमालक, कोथरूड, पुणे