मतमोजणी शिकव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. नववीला निवडणूक शिकवायची आहे, प्रश्नोत्तरं मुलं पाठ करतीलच, पण त्यापुढे काय, असं तू विचारलंस. माझं मत पक्कं आहे. मतदान हे कर्तव्य आहे, हे मुलांच्या कानावर घोषणांतून आणि भित्तिपत्रकांतून सतत पडत असतं. पेटी उघडल्यावर काय होतं आणि हरलेल्यानं तो निकाल का मानायचा, हे मात्र त्यांना फारसं कुणी सांगत नाही. तू तिथूनच सुरुवात कर.

वर्गात निवडणूक घे, पण खोटे पक्ष आणि खोटे जाहीरनामे नकोत. ज्याच्या निकालानं मुलांना खरंच फरक पडेल असा विषय निवड. जो निकाल लागेल तो अमलात आणायची तुझी तयारी नसेल, तर तो विषय मतदानाला ठेवूच नकोस. मुलांनी ठरवलेलं शिक्षकानं एकदा जरी फिरवलं, तरी मत देऊन काही होत नाही हे ती कायमचं शिकतात.

समज, 35 मुलं आहेत आणि सत्राच्या शेवटी नाटक बसवायचं, विज्ञान प्रदर्शन भरवायचं की क्रीडास्पर्धा घ्यायच्या, हे ठरवायचंय. प्रत्येकाला तिन्हींपुढे पसंतिक्रम लिहायला सांग. धर, 15 जणांनी नाटक, मग प्रदर्शन, मग क्रीडा असं लिहिलं. 11 जणांचा क्रम क्रीडा, प्रदर्शन, नाटक. उरलेल्या 9 जणांचा प्रदर्शन, क्रीडा, नाटक. आता फळ्यावर मोजायला घे. फक्त पहिली पसंती धरली तर 15 मतांनी नाटक जिंकलं. पण 20 जणांनी नाटक शेवटी टाकलंय! मग सर्वांत मागे राहिलेलं प्रदर्शन बाद करून पहिल्या दोघांत पुन्हा लढत लाव: प्रदर्शनवाल्यांची 9 मतं क्रीडेकडे जातात आणि क्रीडा 20 विरुद्ध 15 अशी जिंकते. आता एकेकाची एकेकाशी गाठ घाल. प्रदर्शन नाटकाला 20-15 आणि क्रीडेला 24-11 असं हरवतं. चिठ्ठ्या त्याच, एकाही मुलानं मत बदललेलं नाही, तरी विजेते तीन. इथे थोडा वेळ गप्प राहा. मुलं आपणहून भांडू लागतील, आणि ते भांडण फार मोलाचं आहे.

मग त्यांना सांग, की फ्रान्समध्ये काँदोर्से या गणितज्ञानं 1785 सालीच या कोड्यावर ग्रंथ लिहिला होता. जग आजही एका पद्धतीवर आलेलं नाही. लोकसभेला ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून येतो, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. फ्रान्सच्या अध्यक्षपदासाठी पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहासाठी 1918 पासून पसंतिक्रम लिहितात, आणि आपल्या राष्ट्रपतींची निवडणूकही पसंतिक्रमानंच होते. कोणती पद्धत चांगली, हे तू सांगू नकोस. मोजायची पद्धत मतदानाआधी ठरलेली असली पाहिजे, एवढं मात्र ठासून सांग. चिठ्ठ्या पाहून पद्धत निवडणं ही लबाडी आहे, हे मुलांना लगेच कळतं.

गुप्त मतदानाचं महत्त्व समजावून सांगत बसू नकोस. एखाद्या किरकोळ प्रश्नावर आधी हात वर करून मत घे, मग त्याच प्रश्नावर चिठ्ठ्यांनी. हात वर करताना मुलं आधी आजूबाजूला बघतात, मग हात वर जातो. इंग्लंडमध्ये 1872 पर्यंत मत उघडपणे द्यावं लागे, त्यामुळे कुळानं कुणाला मत दिलं हे जमीनदाराला कळत असे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी 1856 मध्येच गुप्त मतपत्रिका आणली होती. आधी हातांचा खेळ झालेला असेल, तर हा इतिहास दोन मिनिटांत डोक्यात शिरतो.

मोजणी मुलांनाच करू दे, प्रत्येक बाजूचा एक प्रतिनिधी टेबलापाशी उभा करून. एखाद्या चिठ्ठीवर 1 आकडा दोनदा असेल, एखादीवर नुसती फुली असेल, एखादीवर नाव लिहिलेलं असेल. अशी चिठ्ठी वर धरायची, सगळ्यांना दाखवायची आणि आधी लिहून ठेवलेल्या नियमाप्रमाणे ग्राह्य की बाद ते ठरवायचं. आपल्याच बाजूचं मत बाद होताना प्रतिनिधी मान डोलावतो ना, त्या क्षणासाठी हा सगळा खटाटोप करावा असं मला मनापासून वाटतं. फेरमोजणी मागितली तर कुरकुर न करता दे. हरलेल्या बाजूलाही कामात घे, आणि निर्णय पटत नसेल तर पुढच्या सत्रात तोच प्रश्न पुन्हा मांडायची मुभा ठेव.

तुझं स्वतःचं मत विचारतील. सांगू नकोस, निदान निकाल लागेपर्यंत तरी.

सगळ्याला दोन तास लागतील, एका तासात कोंबू नकोस. मतपत्रिकेचा नमुना सोबत पाठवतोय, पर्याय तुझे तू भर. बाद मतांवरून काय वाद झाले ते मला सविस्तर कळव.

तुझा मित्र