बधिर रुग्णाचे मूल म्हणजे रुग्णालयाचा दुभाषा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात बधिर मुलांच्या शाळेतील विद्यार्थी दोन्ही हात उंचावून पंजे हलवत असल्याचे छायाचित्र आपल्या दैनिकात बहुधा दरवर्षी छापून येते. ती मुले टाळ्या वाजवत असतात; ज्यांना टाळी ऐकू येत नाही त्यांच्या टाळ्या अशाच असतात. २३ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन, त्याची दखल आपण घेता याबद्दल आभारच मानायला हवेत. छायाचित्राखालच्या ओळीत मात्र ‘मूकबधिर’ हा शब्द हटकून असतो. माझे आईवडील बधिर. पण मुके ते कधीच नव्हते. दिवसभर बोलायचे, भांडायचे, नातलगांच्या लग्नातल्या जेवणाला नावे ठेवायचे, आणि हे सगळे हातांनी आणि चेहऱ्याने. तेव्हा तो शब्द आता सोडावा, एवढी विनंती करून या पत्राच्या मूळ विषयाकडे वळते.

मी सातवीत असताना बाबांच्या गळ्याला गाठ आली. आमच्या जिल्ह्याच्या गावातील एका मोठ्या रुग्णालयात तपासण्या झाल्या आणि अहवाल आल्यावर डॉक्टरांनी मला, म्हणजे बारा वर्षांच्या मुलीला, खुर्चीवर बसवून शेजारी उभ्या असलेल्या बाबांकडे बोट दाखवत म्हटले, ‘हे बघ बाळ, बाबांना सांग, गाठ कॅन्सरची आहे, लगेच ऑपरेशन करावं लागेल, आवाजाची नस दुखावू शकते आणि नंतर शेकही घ्यावा लागेल.’ डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवल्याचेही मला आठवते. मी बाबांना हातांनी सांगितले की गाठ आहे, कापून काढतील, मग बरे वाटेल. बाबांनी विचारले, एवढेच? डॉक्टर तर खूप वेळ बोलत होते. मी म्हटले, एवढेच. मग सिस्टरने पुढे केलेल्या संमतीपत्रावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात सही केली. त्या कागदावर संमती बाबांची होती असे कायदा म्हणेल. प्रत्यक्षात ती माझी होती.

पुढे शेक घ्यायला दुसऱ्या शहरात गेल्यावर तिथल्या दारावरची पाटी बाबांनी वाचली. त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत त्यांनी मला विचारले, तुला आधीच माहीत होते का? मी उत्तर न देता दिवा मालवला. आमच्या घरात अंधार झाला की बोलणे बंद होते, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. बाबा नंतर नऊ वर्षे जगले आणि त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही.

हे दुखणे चव्हाट्यावर मांडायचे कारण एवढेच, की मधल्या तीस वर्षांत कायदे बदलले, यंत्रे बदलली, केस पेपरची चिठ्ठी जाऊन संगणकावरचा क्रमांक आला, पण बधिर रुग्णाबरोबर आलेले ऐकू येणारे माणूस हाच त्याचा दुभाषा, ही रुग्णालयांची समजूत जागची हललेली नाही. हे माणूस बहुतेक वेळा मूल असते, आणि मोठे असले तरी अवघडलेलेच असते. माझ्या आईच्या एका मैत्रिणीला लग्नानंतर अनेक वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञाकडे सासूला बरोबर घेऊन जावे लागले, कारण घरात तिच्या खुणा थोड्याफार समजणाऱ्या त्या एकट्याच होत्या. आपला त्रास सासूच्या तोंडून डॉक्टरांपर्यंत कोणत्या रूपात पोचतो हे तिला कधी कळले नाही, आणि काही गोष्टी तिने सांगितल्याच नाहीत. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातली जी गुप्तता आपण गृहीत धरतो, ती तिच्या वाट्याला आलीच नाही.

यावर दोन उत्तरे नेहमी मिळतात. पहिले असे की बधिरांना ओठ वाचता येतात. येतात, पण मराठीत ‘प’, ‘ब’ आणि ‘म’ ही तिन्ही अक्षरे ओठांवर एकसारखीच दिसतात. पान, बाण आणि मान हे शब्द आरशासमोर आवाज न करता म्हणून पाहावेत म्हणजे खात्री पटेल. मागच्या वर्षी एका दवाखान्यात डॉक्टरांनी आईला ‘मान दुखते का’ असे विचारले आणि तिने पहिला शब्द ‘पान’ असा वाचला. आमच्या घरात पान-तंबाखूला थारा नाही, तेव्हा तिने चांगलेच रागावून नकारार्थी डोके हलवले. ज्या मानेच्या दुखण्यासाठी ती गेली होती ते दुखणे अशा रीतीने कागदावर ‘नाही’ झाले. आणि हे मास्क उतरवलेल्या डॉक्टरांसमोर घडले. मास्क लावलेल्यांपुढे तर वाचायला ओठच उरत नाहीत.

दुसरे उत्तर असते, लिहून देतो. हे ऐकायला फार समंजस वाटते. परंतु जन्मतः बधिर असलेल्या माणसासाठी मराठी ही कानावरून आलेली मातृभाषा नसते, ती शाळेत फळ्यावरून शिकलेली परकी भाषा असते. आईला पत्रिका, पाट्या, बातम्यांचे मथळे सगळे वाचता येते, तरी मधुमेहाच्या गोळीच्या पाकिटावर ‘उपाशीपोटी घेऊ नये’ असे लिहून दिले तेव्हा तिने सलग तीन दिवस ती गोळी उपाशीपोटीच घेतली. ‘उपाशीपोटी’ आणि ‘घेऊ’ हे शब्द तिने पकडले आणि सगळा अर्थ उलटा करणारे शेवटचे ‘नये’ तिच्या हातून निसटले. बोलण्यात ती असे कधी चुकत नाही, कारण सांकेतिक भाषेत नकार मान हलवून आणि चेहऱ्याने इतका ठसठशीत येतो की तो निसटूच शकत नाही. त्या भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या शेवटी येतो, आणि ‘मी तुला देतो’ व ‘तू मला देतोस’ यांतला फरक हात कुठून कुठे सरकला यावरून कळतो. मराठीतले शब्द एकेक करून हातांनी दाखवले की सांकेतिक भाषा झाली, हा ऐकू येणाऱ्यांचा गैरसमज आहे.

हा गैरसमज आजचा नाही. १८८० साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली, तिने खुणांऐवजी तोंडी बोलण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला आणि त्याची छाया जगभरातल्या शाळांवर शतकभर राहिली. आईच्या शाळेत वर्गात हात मागे बांधून बसायची शिस्त होती. खरी भाषा मुले रात्री वसतिगृहात एकमेकांकडून शिकली. २०१० साली कॅनडातील व्हॅंकूव्हरला भरलेल्या बधिर-शिक्षणाच्या परिषदेने मिलानच्या त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला. आईला मी हे सांगितले तेव्हा तिने खांदे उडवले आणि भाजी निवडायला घेतली.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर आपल्याकडे उणीव फारशी नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच सांकेतिक भाषेचा समावेश करतो, आणि त्याचे कलम २५ शासकीय व खासगी अशा दोन्ही रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळाविरहित प्रवेश मिळावा असे सांगते. आपल्या रुग्णालयांनी अडथळा या शब्दाचा अर्थ पायऱ्या एवढाच लावला आणि उतार बांधून ते मोकळे झाले. उतार हवाच, परंतु माझी आई पायऱ्या दोन-दोन करून चढते. तिची वाट अडते ती तपासणीच्या टेबलापाशी. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक असून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असे स्पष्ट केले आहे. त्याच न्यायालयात २०२३ साली एका बधिर महिला वकिलांना सुनावणीत सांकेतिक भाषेच्या दुभाष्यामार्फत भाग घेता आला. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२५ नुसार तोंडी बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराचा जबाब घेताना न्यायालयाने दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घेतलीच पाहिजे आणि त्या जबाबाचे चित्रीकरणही झाले पाहिजे. म्हणजे आई उद्या एखाद्या चोरीची साक्षीदार म्हणून उभी राहिली तर तिच्या प्रत्येक खुणेचा अर्थ जाणकाराकडून लावला जाईल. स्वतःच्या शरीरावर चालणाऱ्या सुरीबद्दल मात्र तिने शेजारणीच्या अंदाजावर सही करावी, अशी आपली सध्याची व्यवस्था आहे.

प्रश्न पैशाचा आहे असे सांगितले जाते, म्हणून कॅनडातला एक निकाल इथे नोंदवते. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एका बधिर महिलेची जुळ्यांची अकाली प्रसूती दुभाष्याविना झाली. बाळे जन्मताच दुसरीकडे नेली गेली आणि त्या महिलेच्या हाती पडली ती बाळे ठीक असल्याची एक चिठ्ठी. हे प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९७ साली न्यायालयाने रुग्णालयात दुभाषा न देणे हा समानतेच्या हक्काचा भंग असल्याचा निर्णय दिला. सगळ्या प्रांताला ही सेवा देण्याचा अंदाजित खर्च दीड लाख डॉलर, म्हणजे प्रांताच्या आरोग्यावरील खर्चाच्या ०.००२५ टक्के होता.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत राज्यात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ४ लाख ७३ हजार नोंदवली गेली. यात उतारवयात ऐकू येईनासे झालेले पुष्कळ असणार आणि ते सारे सांकेतिक भाषा वापरत नाहीत, हे मान्य करूनही उरणारी संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नाही. प्रशिक्षित दुभाषे थोडे आहेत ही अडचण खरी आहे. तथापि दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना २०१५ साली झाली; त्याने २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा कोश सिद्ध केला असून त्यात वैद्यकीय शब्दही आहेत. प्रत्येक तालुक्याला दुभाषा नेमा असे मी म्हणत नाही, ते आज शक्य नाही. पण व्हिडिओ कॉलवर जावई-नातवंडे घरोघरी दिसत असताना मुंबईत किंवा पुण्यात बसलेला एक दुभाषा गडचिरोलीच्या वॉर्डातल्या रुग्णाशी बोलू शकणार नाही, हे पटणारे नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयांत रुग्णांना मदत करणाऱ्या आरोग्यमित्राचे टेबल आधीच आहे. त्या टेबलावर एक टॅब ठेवावा, ठरावीक वेळी उपलब्ध असणाऱ्या दुभाष्यांची राज्यस्तरीय यादी त्याला जोडावी आणि त्यांचे मानधन रुग्णाने नव्हे तर रुग्णालयाने द्यावे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधी आहे. त्यातून पिठाच्या गिरण्या, शिलाई यंत्रे आणि झेरॉक्स यंत्रे वाटली जातात, आणि मार्च जवळ आला की निधी पडून असल्याच्या बातम्या आपणच छापता.

डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. त्याने आणि सार्वजनिक आरोग्य विभागाने एकत्र बसून निदान एक साधे परिपत्रक काढावे, की शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर बधिर रुग्णाची सही घेण्यापूर्वी पात्र दुभाष्यामार्फत माहिती दिल्याची नोंद असली पाहिजे आणि अठरा वर्षांखालील मुलाचा दुभाषा म्हणून उपयोग कोणत्याही परिस्थितीत केला जाऊ नये. तातडीच्या प्रसंगी अपवाद करावा लागेल, तो करावा. पण तो अपवाद आहे एवढे तरी कागदावर यावे. केस पेपर काढतानाच ‘रुग्ण बधिर आहे’ अशी ठळक नोंद झाली, तर ओपीडीत नाव पुकारूनही कोणी उठले नाही म्हणून मागे टाकल्या जाणाऱ्या माणसांचा नंबरही जाणार नाही. आईचा असा नंबर किती वेळा गेला याची मोजदाद आम्ही केव्हाच सोडून दिली.

पुढच्या महिन्यात आईच्या डाव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे. ज्या माणसाची भाषा डोळ्यांत आहे त्याच्या डोळ्यावर पट्टी बांधणार म्हणजे काय, हे मी रुग्णालयात समजावून सांगण्याचा प्रयत्न केला आणि दुभाष्याची सोय करावी असा लेखी अर्ज दिला. काउंटरवरच्या बाईंनी तो ठेवून घेतला आणि आपुलकीने म्हणाल्या, ‘तुम्हाला सुट्टी नसेल तर तुमच्या मुलाला पाठवा ना, त्याला आजीशी छान बोलता येतं.’ माझा मुलगा सहावीत आहे. तो येणार नाही असे मी त्यांना सांगितले आहे. अर्जाचे उत्तर अद्याप आलेले नाही.

आपली विश्वासू,
बधिर आईवडिलांची मुलगी
(आईच्या इच्छेनुसार नाव छापू नये, नाव व पत्ता सोबत जोडला आहे.)